सभागृहातील अपशब्द आणि सभासदांचे मौन

ता. २१ सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत चांद्रयानाच्या यशावर चर्चा चालू असता दक्षिण दिल्लीचे तत्कालीन सभासद रमेश बिधुरी यांनी अमरोह्याचे सभासद कुंवर दानिश अली यांस त्यांच्या धर्मावरून जे शब्द ऐकविले, ते ह्या पत्रात छापण्याजोगे नाहीत. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी तेथल्या तेथे खेद प्रदर्शित केला, अध्यक्षांनी ताकीद दिली व ते शब्द कामकाजातून गाळण्यात आले. इतके झाले हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु पुढे काय झाले?

बिधुरी यांच्या पक्षाने त्यांजकडून खुलासा मागितला, आणि त्याच महिन्यात त्यांजकडे राजस्थानातील टोंक जिल्ह्याची निवडणूक-जबाबदारी सोपविली. प्रकरण विशेषाधिकार समितीपुढे गेले. तेथे त्यांनी खेद व्यक्त केला आणि ते तेवढ्यावर सुटले. त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात मात्र गोंधळ घातला म्हणून दोन्ही सभागृहांतील १४६ सभासद निलंबित झाले. सारांश, शिक्षेचे हत्यार सभागृहापाशी होते. ते येथे उपसले गेले नाही.

आम्ही व्यवसायाने वकील. तेव्हा कायद्याची बाजू सांगणे प्राप्त आहे. संविधानाच्या १०५ व्या अनुच्छेदान्वये संसदेत उच्चारलेल्या शब्दाबद्दल सभासदास कोणत्याही न्यायालयात खेचता येत नाही. लाच घेऊन बोलणाऱ्यास हे कवच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२४ रोजी ठरविले. शिवी देणाऱ्यास मात्र ते आहेच. हे कवच सरकारला निर्भयपणे जाब विचारता यावा म्हणून दिलेले आहे, रस्त्यावरच्या निरुपद्रवी नागरिकाची अब्रू घेण्यासाठी नव्हे. न्यायालयाचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे बोलणाऱ्याच्या शेजारी बसलेला सभासद हाच काय तो न्यायाधीश! पेढीतील एका भागीदाराने गिऱ्हाइकास शिवी हासडली आणि बाकीचे भागीदार खतावणीत डोके घालून बसले, तर बाजार ती शिवी पेढीचीच समजतो. आमच्या व्यापारी वाचकांस हे अधिक सांगणे नलगे.

अशा ढिलाईचा प्रत्यय आमच्या नगरास वर्ष उलटण्याच्या आत आला. ता. १ सप्टेंबर २०२४ रोजी कणकवलीचे आमदार नितेश राणे यांनी येथे मशिदींत शिरून मारण्याची भाषा केली. श्रीरामपूर व तोफखाना ठाण्यांत गुन्हे नोंदले गेले. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी नापसंती दर्शविली, हे त्यांस भूषणावह होय. तथापि ता. १५ डिसेंबरास त्याच आमदारांनी मंत्रिपदाची शपथ घेतली! पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या यात्रेत मुसलमान दुकानदारांस मज्जाव करणारा ठराव ग्रामसभेने केला. गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द ठरविला. म्हणजे जे लोकनायकांनी बोलावयाचे, ते एका सरकारी नोकरास लिहावे लागले.

विरोधी पक्षांसही आम्ही मोकळे सोडीत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडीने महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी एकीवरही मुसलमान उमेदवार उभा केला नाही, आणि ह्या प्रांतातून एकही मुसलमान लोकसभेत गेला नाही. तेव्हा उद्या तेथे त्या समाजाची नालस्ती झाली, तर महाराष्ट्राच्या वतीने उठावयाचे कोणी?

ज्या गावच्या किल्ल्यात १९४२ साली राष्ट्रसभेचे अध्यक्ष मौलाना आझाद नेहरू-पटेलांसह बंदिवान होते, आणि जेथे असता १९४३ साली त्यांस पत्नीच्या निधनाची वार्ता सोसावी लागली, त्या गावास हा प्रश्न परका नाही. आझादांच्या देशनिष्ठेचा दाखला त्या वेळी त्यांच्या सोबत्यांनी मागितला नव्हता.

नगर व शिर्डी ह्या मतदारसंघांतून २०२४ साली निवडून गेलेले श्री. नीलेश लंके व श्री. भाऊसाहेब वाकचौरे यांजपाशी आमचे मागणे एवढेच की, असा शब्द पुन्हा कानी पडताच, तो कोणत्याही बाकावरून आलेला असो, त्यांनी जागच्या जागी उभे राहून हरकत घ्यावी व ती कामकाजात नोंदवावी. सत्ताधारी पक्षातील आमच्या परिचितांसही आम्ही हेच विनवितो. त्यांच्या उठण्यास अधिक धैर्य लागेल आणि त्याचे मोलही अधिक ठरेल. पुढील खेपेस हे सभासद मते मागावयास कापडबाजारात येतील, तेव्हा त्यांनी अशी हरकत कितीदा घेतली, हे त्यांस तेथे विचारण्यात यावे.