परतीच्या पेटीचा पक्ष

काच, यंत्र वा नाजूक उपकरण यांची ने-आण करण्यासाठी पुन्हा पुन्हा वापरता येणारी, आणि आतल्या बाजूसच हवेच्या गाद्या बसविलेली पेटी हा अलीकडचा एक प्रकार आहे, आणि त्याविषयी अनुकूल व प्रतिकूल मते सारख्याच आवेशाने मांडली जातात. प्रतिकूल मतांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहेच. पण या पेटीचे काही कैवारी तिची बाजू ज्या रीतीने मांडतात, त्या रीतीने तिचे तिच्या शत्रूंपेक्षाही अधिक नुकसान होते, अशी आमची समजूत असल्यामुळे त्यांच्याशीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. बाहेरचे कवच पॉलिप्रॉपिलीनच्या, आत पोकळ नळ्या असलेल्या तक्त्यांचे असते. ते हलके असते, ओल धरीत नाही आणि नेमक्या घड्यांवर दुमडते. आतल्या भिंतींना हवाबंद पिशव्या जोडलेल्या असतात व त्यांची तोंडे एका झडपेशी येतात. दुरुस्तीसाठी पाठवावयाचा एखादा सूक्ष्मदर्शक घ्या. तो मधोमध ठेवला, झाकण लावले आणि हातपंपाने हवा भरली, की गाद्या सर्व बाजूंनी फुगत येऊन नळी, बैठक, चक्र असा त्याचा प्रत्येक उंचसखल भाग आपल्या अंगात सामावून घेतात. साच्यातला थर्माकोल एकाच आकाराच्या वस्तूस उपयोगी पडतो, ही गादी पुढच्या खेपेस तराजूलाही तितकीच घट्ट धरते. माल पोचला की झडप उघडावी, हवा निघून जाऊ द्यावी, पेटीची घडी करावी आणि ती परत रवाना करावी. सारा वाद या शेवटच्या चार शब्दांपाशी आहे.

पहिला आक्षेप पुठ्ठ्याच्या कैवाऱ्यांचा आहे आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, पुठ्ठ्याचा खोका झाडापासून होतो, भंगारवाला तो किलोवर विकत घेतो, त्याचा लगदा होऊन पुन्हा खोका होतो. मग प्लास्टिकची नवी पेटी कशासाठी? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशेबाप्रमाणे २०१८ साली तेथील नागमोडी पुठ्ठ्याच्या खोक्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक खोके पुनश्चक्रणासाठी गोळा झाले, आणि युरोपीय संघाने २०२५ साली अमलात आणलेल्या आवेष्टनविषयक कायद्यातही मालवाहतुकीच्या पुनर्वापराच्या उद्दिष्टांतून पुठ्ठ्याचे खोके वगळले आहेत. हे सारे मान्य. परंतु या युक्तिवादात खोक्याचा हिशेब मांडताना खोक्याच्या पोटातल्या वस्तूंचा हिशेब सोईस्करपणे गाळला जातो. फुटणारी वस्तू नुसत्या पुठ्ठ्यात जात नाही. ती बबल रॅपच्या वेढ्यांत, थर्माकोलच्या साच्यात आणि चिकटपट्टीच्या पाच-सात फेऱ्यांत जाते. भंगारवाला खोका उचलतो आणि हे सारे आपल्या दारात ठेवून जातो. १९५७ साली न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग व मार्क शाव्हान या दोघांनी भिंतीवर लावावयाचा उठावदार कागद करण्याच्या खटपटीत ज्या बबल रॅपला जन्म दिला आणि आयबीएमच्या संगणकांच्या पाठवणीत ज्याचे बस्तान बसले, त्याचे आयुष्य आजही बहुधा एकाच प्रवासाचे असते. सबब आमची पेटी पुठ्ठ्याची स्पर्धक नाही. पुस्तके, कपडे, वह्या खुशाल पुठ्ठ्यातून जावोत. ज्या मालास गादी लागतेच, तेवढ्यापुरताच आमचा दावा आहे.

दुसरा आक्षेप हवेविषयी आहे. हवा म्हटली की ती गळणार, टाचणी लागली की फुस्स होणार, उन्हात फुगणार, थंडीत आकसणार. अशा चंचल द्रव्याच्या भरवशावर किमती माल कोणी सोडावा? या आक्षेपाचे उत्तर भावनेने न देता भौतिकशास्त्राने दिले पाहिजे. वीस अंश सेल्सिअस तापमानाला बंद केलेली हवा बंद टेम्पोत पन्नास अंशांपर्यंत तापली, तर तिचा निरपेक्ष दाब सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. विमानाच्या मालकक्षात बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेने सुमारे पाव हिश्शाने उतरू शकतो आणि त्या वेळी गाद्या ताठरतात. गादी शिगोशीग न भरता थोडी सैल ठेवली, किंवा ठरावीक दाबापलीकडे हवा आपोआप सोडणारी झडप बसविली, म्हणजे फुगण्याची भीती उरत नाही. टाचणीच्या भीतीचे उत्तर तर बाजारात आधीच हजर आहे: काचेच्या बाटल्यांना गुंडाळतात त्या हवेच्या नळ्यांच्या पिशवीत प्रत्येक नळीला स्वतंत्र एकदिशा झडप असते, म्हणून एक नळी फुटली तरी शेजारच्या नळ्या माल सांभाळून धरतात. एक अखंड पिशवी घालणाऱ्या कारखानदारास मात्र हा आक्षेप पुरता लागू पडतो, आणि त्याच्या वतीने वकिली करण्याची आमची इच्छा नाही. तसेच धारदार कडांचा किंवा लहान तळावर सारा भार देणारा माल, उदाहरणार्थ लोखंडी सुटे भाग, या पेटीत घालू नये. तेथे हवा दबून वस्तू थेट तळाशी टेकते. प्रत्येक साधनाला मर्यादा असते. ती आधी सांगून टाकली, तर पुढे नुकसानभरपाईचे दावे कमी होतात.

तिसरा आक्षेप असा, की रिकाम्या पेट्या परत वाहण्यात इंधन जाळावयाचे असेल, तर वाचवलेला पुठ्ठा आणि वाचवलेला थर्माकोल धुरात गेलाच म्हणून समजा. यावर थोडे गणित करू. कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागले की जे किलो येतात, ते प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक असल्यास भाडे त्यांचे पडते. ४० × ३० × ३० सेंटीमीटरची पेटी या हिशेबाने ७.२ किलोची ठरते, मग आतला माल दोन किलोचा का असेना. तीच पेटी हवा सोडून सपाट केली आणि घडी सुमारे ७० × ६० सेंटीमीटरची व तीन सेंटीमीटर जाडीची झाली, तर आकार अडीच किलोंचा पडतो, म्हणजे जाताना लागले त्याच्या एक-तृतीयांशाहून किंचित अधिक. दशांशाच्या बाता मारणाऱ्या जाहिरातींपेक्षा ही बचत लहान आहे, पण ती खरी आहे. फोमची गादी घडी घेत नाही, थर्माकोलचा साचा घडी घेत नाही. त्यांची पेटी परतावयाची म्हणजे पोकळीचे पूर्ण भाडे भरून परतावयाची. म्हणून या पेटीचा मुख्य गुण हवा भरण्यात आहे असे जे सर्रास सांगितले जाते, ते आम्हांस मान्य नाही. तो गुण हवा सोडता येण्यात आहे. हवा भरणाऱ्या गाद्या इतरही पुष्कळ आहेत. पाठवणीचे काम संपताच आपली जागा मोकळी करून देणारी गादी पेटीचाच भाग असणे, हे नवे आहे.

चौथा आक्षेप सर्वांत खोल जातो: लोक पेटी परत करणारच नाहीत. येथे पेटीचे मित्र एक मोठी चूक करतात. पेटी शेकडो प्रवास टिकते, क्वचित हजारही टिकते, असे ते अभिमानाने सांगतात, आणि जणू टिकाऊपणा सिद्ध झाला की सारे सिद्ध झाले! दर खेपेस शंभरांपैकी पाच पेट्या हरवल्या, तर एका पेटीच्या वाट्याला सरासरीने वीस प्रवास येतात. दहा हरवल्या तर दहा. वीस हरवल्या तर अवघे पाच. हजार प्रवास झेपणारी पेटी दहाव्या प्रवासानंतर कोणाच्या तरी माळ्यावर जुन्या चादरी सांभाळीत बसली, तर तिच्या उरलेल्या नऊशे नव्वद प्रवासांचा पृथ्वीला काडीचाही उपयोग नाही. मजबुतीवर खर्च होणारा पैसा परतीच्या व्यवस्थेवर खर्च झाला पाहिजे, असे हे साधे गणित सांगते.

याच मित्रांना मुंबईच्या डबेवाल्यांचा दाखला देण्याचाही मोठा मोह होतो. तो दाखला येथे लागू पडत नाही. डबा ज्या घरचा असतो त्याच घरी परततो, त्याचा मालक रोज त्याची वाट पाहत असतो, आणि तो न आल्यास दुसऱ्या दिवशी जेवण अडते. पाठवणीची पेटी ज्याच्या हातात पडते, त्याची ती नसते आणि तिच्यावाचून त्याचे काही अडतही नाही. अशा परक्या वस्तूला परत कसे आणावे, याचा धडा आपल्याच स्वयंपाकघरात आहे: गॅसचे सिलिंडर. १९५५ साली मुंबईत बर्मा-शेलने घरगुती गॅसची विक्री सुरू केली. त्या सिलिंडरची मालकी कंपनीची, ग्राहकाजवळ फक्त अनामतीची पावती, आणि रिकामे दारात ठेवल्यावाचून भरलेले हाती पडत नाही. वरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्टीवर आतल्या बाजूस ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर व सालाचे दोन आकडे रंगविलेले असतात. ते अक्षर वर्षाच्या तिमाहीचे, आणि त्या मुदतीत सिलिंडरची फेरतपासणी व्हावयाची असते. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत या बाजारांत टोमॅटोचा भाव वीस किलोंच्या कॅरेटवर बोलला जातो. ते प्लास्टिकचे कॅरेटही खेपेमागून खेप वापरले जातात, कारण त्यांना किंमत आहे आणि त्यांचा हिशेब ठेवणारे कोणीतरी आहे. तेव्हा लोक परत करीत नाहीत हे विधान सर्वस्वी असत्य आहे. लोक फुकटची वस्तू परत करीत नाहीत, एवढेच त्यातले सत्य आहे.

खंडन पुरे, आता मंडन. पेटीची मालकी माल विकणाऱ्याची नसावी आणि घेणाऱ्याचीही नसावी; ती वाहतूकदाराची असावी, कारण पाठवणीच्या दोन्ही टोकांना नित्य जाणारा तोच एक पक्ष आहे. तिच्यावर अनामत असावी आणि पेटी हातात येताच ती अनामत, अर्जफाटे न करता, परत मिळावी. आकार चार-पाचच ठरवावेत, म्हणजे कोणत्याही गोदामातली पेटी कोणत्याही मालास चालेल. झडप व गाद्या यांची ठरावीक मुदतीने तपासणी होऊन तिची तारीख पेटीवर छापलेली असावी. आणि कवच, पिशवी, झडप ही शक्यतो एकाच जातीच्या प्लास्टिकची असावीत. नायलॉन व पॉलिथिलीन यांचे थर चिकटवून केलेली पिशवी हवा उत्तम धरते, पण आयुष्य संपल्यावर तिचे थर वेगळे करणे जिकिरीचे असल्याने ती पुनश्चक्रणाच्या कामी येत नाही.

प्रारंभ कोठे करावा, हेही उघड आहे: जेथे परतीची फेरी आधीच ठरलेली आहे तेथे. दुरुस्तीसाठी जाऊन परत येणारी प्रयोगशाळेची उपकरणे. शाखांतून मुख्य कचेरीकडे व उलट फिरणारे संगणक. जुना फोन घेऊन नवा देणारी विक्री, जिच्यात डिलिव्हरी बॉय ग्राहकाच्या दारात उभाच असतो आणि काहीतरी घेऊनच परततो. अनोळखी ग्राहकाला दूरच्या गावी एकदाच पाठवावयाच्या वस्तूसाठी तूर्त ही पेटी नको. युरोपीय संघाचा वर उल्लेखिलेला कायदाही याच दिशेने बोट दाखवितो: खोक्यातली मोकळी जागा निम्म्यावर असू नये, आणि बबल रॅपने वा हवेच्या उशांनी भरलेली जागाही मोकळीच धरावी, असे त्याचे फर्मान आहे, त्यातून सूट आहे ती पुनर्वापराच्या व्यवस्थेत फिरणाऱ्या आवेष्टनाला. पेटी पुन्हा वापरता येण्याजोगी असणे तेथे पुरेसे नाही. ती व्यवस्थेत असली पाहिजे. भारत सरकारनेही फेब्रुवारी २०२२ च्या नियमांत ब्रँडच्या मालकांवर कठीण प्लास्टिकच्या आवेष्टनाच्या पुनर्वापराचे बंधन घातले आहे, आणि हे बंधन कागदावर पुरे करावयाचे की प्रत्यक्षात, हा प्रश्न आता त्यांच्यापुढे आहे.

आमचे सांगणे इतकेच, की या पेटीचे मोल तिच्या कारखान्यात ठरत नाही. दर शंभर पेट्यांमागे किती परत आल्या, याची वही ज्या वाहतूकदाराच्या दफ्तरात नसेल, त्याने तिच्या नावाने पर्यावरणाचा उच्चार करू नये. आणि ज्याच्या दफ्तरात ती असेल, त्याला पुठ्ठ्याचे नाव सांगून अडविण्याचा अधिकार कोणालाही नाही.