प्रयोगशाळेतील निष्कर्ष म्हणजे शिफारस नव्हे

एखाद्या वनस्पतीच्या अर्काने पेट्री डिशमधील अळ्या मेल्या, एवढ्यावरून कोणताही विस्तार कार्यकर्ता तो अर्क शेतकऱ्याला सुचवत नाही. मात्रा किती असावी, मित्रकीटकांवर काय परिणाम होतो, हे निरनिराळ्या ठिकाणच्या आणि हंगामांतील चाचण्यांतून सिद्ध झाल्यावरच शिफारस निघते. औषधी वनस्पतींचा विषय निघाला की मात्र ही शिस्त सैल पडते. अमुक पाल्याने फुप्फुसाचा कर्करोग बरा होतो, असा संदेश मोबाइलवर येतो आणि मेळाव्यातील चर्चेत तो शास्त्रीय माहिती म्हणून फिरू लागतो.

वनस्पतींनी कर्करोगावरील औषधांना आधार दिला, हे निर्विवाद आहे. हिमालयातील वनककडीत आढळणाऱ्या पोडोफायलोटॉक्सिनवर रासायनिक प्रक्रिया करून इटोपोसाइड तयार झाले. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगावर ते दिले जाते. सदाफुलीतील अल्कलॉइडांपासून बनणारे व्हिनोरेलबिन या रोगाच्या दुसऱ्या, अधिक आढळणाऱ्या प्रकारात वापरतात. लोकपरंपरेत सदाफुली मधुमेहासाठी वापरली जाई. त्याच गुणाचा शोध घेताना, १९५० च्या दशकात कॅनडातील संशोधकांना तिच्या अर्काने रक्तातील पांढऱ्या पेशी घटताना दिसल्या आणि संशोधनाची दिशा बदलली. परंपरा कोठे शोधावे हे सुचवते. काय आणि किती द्यावे, हे चाचणीच ठरवते.

सह्याद्रीतील नरक्या या वृक्षात कॅम्प्टोथेसिन असते. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत ते एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे केल्याचे जाहीर केले. पुढे रुग्णांवरील चाचण्यांत अस्थिमज्जा व मूत्राशयावर गंभीर दुष्परिणाम दिसले आणि काम थांबवावे लागले. रेणूत बदल करून पाण्यात विरघळणारे टोपोटेकन सिद्ध झाले. लघुपेशी कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९८ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. अशी द्रव्ये वनस्पतीच्या स्वसंरक्षणाची साधने असतात. कॅम्प्टोथेसिनमुळे घरमाशीला वंध्यत्व येते. डीएनएचा धागा कापून पुन्हा जोडणाऱ्या विकराचे काम ते अडवते. त्यामुळे वेगाने विभागणाऱ्या कर्कपेशी मरतात, तशाच रक्त निर्माण करणाऱ्या निरोगी पेशीही. म्हणूनच येथे मात्रेला सर्वाधिक महत्त्व आहे आणि काढ्यात नेमकी तीच ठरवता येत नाही. झाड, त्याचा भाग, वय व ठिकाण यांनुसार द्रव्याचे प्रमाण बदलते. सदाफुलीचा पाला उकळून पिणारा रुग्ण औषध घेत नसतो. अज्ञात मात्रेतील विष घेत असतो. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग बहुधा उशिरा लक्षात येतो. त्यात काढ्याच्या भरवशावर गेलेले दोन महिने परत मिळत नाहीत.

अशा दाव्यांचा दुसरा भार जंगलावर आणि शेतकऱ्याच्या खिशावर पडतो. लाकडातील द्रव्यासाठी सह्याद्रीत नरक्याची बेकायदा तोड झाली आहे. ‘कर्करोगाचे पीक’ म्हणून महागडी रोपे विकणाऱ्यांपासूनही सावध राहिले पाहिजे. सदाफुलीची लागवड तमिळनाडूच्या दक्षिण जिल्ह्यांत होते, लखनौच्या सीमॅप संस्थेने ‘निर्मल’ व ‘धवल’ हे वाणही दिले आहेत. मात्र हा माल अल्कलॉइड काढणाऱ्या उद्योगासाठी असतो. खरेदीदाराशी लेखी करार आणि मालाच्या तपासणीची सोय नसेल, तर लागवडीचा सल्ला देणे योग्य ठरणार नाही.

गावात विस्तार कार्यकर्त्याच्या शब्दाला वजन असते. एखाद्या वनस्पतीबद्दल विचारणा झाली, तर त्याने कीटकनाशकाबाबत विचारतो तेच प्रश्न विचारावेत: कोणते द्रव्य, किती मात्रा, चाचणी कोणावर झाली, मान्यता कोणाची? उत्तरे नसतील तर तसे स्पष्ट सांगावे आणि रुग्णाला विनाविलंब कर्करोग रुग्णालयाकडे पाठवावे. उपचार सुरू असलेल्या रुग्णानेही कोणताही काढा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, हे त्याच्या घरच्यांना समजावून सांगणे हेही विस्तारकार्यच आहे.