रस्त्याकडेचा घुमट आणि रात्रभरचा विस्तव

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, ग्रीनव्हिल शहराच्या दक्षिणेला एडन नावाचे एक छोटे गाव आहे. आजूबाजूला शेती, सपाट जमीन, सरळसोट रस्ते. या रस्त्याकडेला एक बैठी विटांची इमारत उभी आहे आणि तिच्या डोक्यावर चक्क वॉशिंग्टनच्या संसद भवनासारखा घुमट! नवख्या माणसाला वाटावे, ही एखादी सरकारी कचेरी असणार. पण मागच्या अंगाने लाकडाच्या धुराचा वास येतो, आत पाऊल टाकावे तर ओंडक्यावर सत्तुरांची ठाक-ठाक ऐकू येते आणि मग उलगडा होतो. हे ‘स्कायलाइट इन’. १९४७ पासून इथे एकच मुख्य पदार्थ शिजतो आहे : लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर भाजलेले अख्खे डुक्कर.

पीट जोन्स या तरुणाने हे खानावळवजा दुकान काढले तेव्हा त्याचे वय विशीच्याही आत होते. धंदा मात्र घराण्यात जुना. एकोणिसाव्या शतकात आपले पूर्वज गाडीतून भाजलेले मांस विकत, असे जोन्स कुटुंबात सांगितले जाते. १९७९ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने या ठिकाणाला बार्बेक्यूची जागतिक राजधानी म्हटले. पीटने ते फारच मनावर घेतले. राजधानी म्हटली की घुमट हवाच! १९८४ मध्ये त्याने तो छपरावर चढवला. माणूस हौशी खरा.

‘बार्बेक्यू’ म्हटले की आपल्याकडे गच्चीवरची शेगडी आणि सळईवरचे पनीर-चिकन डोळ्यांपुढे येते. एडनच्या माणसाला ते सांगितले तर तो हसेल. त्याच्या लेखी सळईवर किंवा जाळीवर झटपट भाजणे वेगळे आणि बार्बेक्यू वेगळे. मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरच्या आदिवासींचा. लाकडी माचाणाला ते जे म्हणत, त्याचे स्पॅनिश लोकांनी ‘बार्बाकोआ’ केले. माचाणाखाली मंद विस्तव, वर मांस आणि हाताशी भरपूर वेळ, एवढाच या प्रकाराचा गाभा.

त्यातही प्रांताप्रांतांत भांडणे आहेत. टेक्सासमध्ये गाईचे मांस, कॅन्सस सिटीत टोमॅटोचा गोडसर दाट रस्सा, साउथ कॅरोलिनाच्या काही भागात मोहरीचा. खुद्द नॉर्थ कॅरोलिनातही दोन तट आहेत. पश्चिमेकडचे लेक्सिंग्टनवाले डुकराचा फक्त खांदा भाजतात आणि रश्श्यात थोडे टोमॅटो केचप घालतात. पूर्वेकडच्यांना हे पाप वाटते. त्यांचे डुक्कर अख्खे आणि चव शिरक्याची. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्यावरून किंवा मालवणी-कारवारी कढीवरून घराघरांत होणारे वाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या चुरशीचे नवल वाटू नये.

एडनची रीत अशी. ओक किंवा हिकरीची लाकडे आधी वेगळ्या चुलाण्यात जाळून त्यांचे निखारे करतात. ज्वाळेवर मांस कधीच ठेवायचे नाही. विटांच्या लांबट भट्टीवर सत्तर-ऐंशी किलोच्या आसपासचे डुक्कर उभे चिरून, पुस्तक उघडल्यासारखे पसरतात, मांसाची बाजू खाली आणि कातडी वर. फावड्याने निखारे त्याच्या कडेकडेने टाकायचे. जाड मांसाच्या खांद्या-मांडीपाशी जास्त, मधल्या भागात कमी. संध्याकाळी चढवलेले डुक्कर सकाळपर्यंत तसेच राहते. निखारे विझू द्यायचे नाहीत आणि भडकूही द्यायचे नाहीत. टपकणारी चरबी निखाऱ्यावर पडली की जो धूर होतो, तोच मसाला. दुसरा मसाला शिजताना नाहीच.

एवढा वेळ का लागतो? डुकराच्या खांद्यात, मांडीत चिवट तंतू असतात. झणझणीत आचेवर ते आकसतात आणि मांस चामड्यासारखे होते. मंद आचेवर तासन्‌तास ठेवले की हेच तंतू विरघळून मऊ, ओलसर होतात, मग हाताने ओढले तरी मांस सुटते. सकाळी डुक्कर उलटतात. आता कातडी खाली येते आणि ताज्या निखाऱ्यांनी ती फुगून पापडासारखी कुरकुरीत होते. मग सगळे मांस ओंडक्यावर, दोन्ही हातांत दोन सत्तूर घेऊन बारीक कापायचे. खांदा, मांडी, पोट सगळे एकत्र. ती कुरकुरीत कातडीही त्यातच चिरून मिसळायची. मऊ घासात मध्येच कुडूम करणारा तुकडा लागतो, ही स्कायलाइट इनची खूण. वरून शिरका, मीठ, मिरी आणि ‘टेक्सास पीट’ नावाचे तिखट. नावात टेक्सास असले तरी ही बाटली भरली जाते नॉर्थ कॅरोलिनातच!

शिरक्याचे काम चरबीचा जडपणा कापण्याचे. गोव्याच्या विंदालूत माडाच्या सुरेचा शिरका आणि लाल मिरची डुकराच्या मांसावर जे करतात, तेच इथे घडते. आणि ती मिरची तरी आपली कुठे? पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आली.

ताट म्हणावे तर कागदी तबक. त्यात मांस, त्यावर मक्याच्या पिठाची चपटी, घट्ट, गोड नसलेली वडी, वर कोबीची कोशिंबीर. मक्याच्या त्या पिठाला डुकराचीच चरबी लागते. रविवारी दुकान बंद.

आता या साऱ्या कौतुकात एक गोष्ट राहून जाते. भट्टीपाशी रात्र जागवणारे हात कोणाचे होते? दक्षिणेकडच्या मळ्यांवर मोठमोठ्या मेजवान्यांसाठी खड्डे खणणारे, निखारे सावरणारे आणि मांस उलटणारे बहुतेक गुलाम म्हणून राबणारे काळे लोक होते. गुलामी गेली तरी भट्ट्यांवर तेच राहिले. आणि पुष्कळ ठिकाणी असे, की काळ्या माणसाने मागे मांस भाजावे, पण पुढे मेजावर बसून ते खाऊ नये. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरातल्या ‘ऑलीज बार्बेक्यू’ची अशीच रीत होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मालक कोर्टात गेला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. बार्बेक्यूच्या इतिहासात हा निकाल चवीइतकाच महत्त्वाचा धरायला हवा.

एडनपासून फार लांब नाही अशा विल्सन गावचे एड मिचेल हे काळे स्वयंपाकी आज या अख्ख्या डुकराच्या परंपरेतले मोठे नाव आहे. वडील वारल्यावर १९९० च्या सुमारास आईच्या किराणा दुकानात धंदा होईना. आई एक दिवस अगदी खचून बसली होती. तिला काय खावेसे वाटते असे त्यांनी विचारले, तर ती म्हणाली, जुन्या पद्धतीचे बार्बेक्यू. त्यांनी एक लहानसे डुक्कर भाजले. मायलेक जेवत असताना दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने तेच मागितले आणि तिथून त्यांचे आयुष्य बदलले, असे ते सांगतात.

लाकूड मात्र सगळीकडे टिकले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक खानावळी गॅसवर आणि विजेवर गेल्या. त्यांना नुसते नावे ठेवणे सोपे आहे. लाकूड आणायचे, फोडायचे, रात्री माणूस जागता ठेवायचा, शिवाय आगीची भीती कायमची. चरबीने माखलेली भट्टी कधी पेट घेईल याचा नेम नाही. गॅसची कळ फिरवली की मालक घरी झोपायला मोकळा. आपल्याकडे चुलीवरची भाकरी गेली ती काही कोणी आळशी होते म्हणून नव्हे. चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बाईला विचारून पाहावे. पण हुरड्याची आगटी किंवा रायगडची पोपटी गॅसवर होत नाही, हेही तितकेच खरे. पीट जोन्स याबाबतीत हट्टी होता. लाकडावर शिजले नाही तर ते बार्बेक्यूच नव्हे, ही त्याची पक्की भूमिका. समाजशास्त्रज्ञ जॉन शेल्टन रीड यांनी तर पुढे लाकडावर शिजवणाऱ्या खानावळींना प्रमाणपत्र देण्याची मोहीमच काढली.

२००३ साली स्कायलाइट इनला जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये पीट गेला. भट्टी घरच्यांनीच चालू ठेवली. नातू सॅम जोन्सने गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातही काम केले. ज्याच्या घरचा धंदाच विस्तवाचा, त्याने आग विझवायलाही शिकावे हे योग्यच. २०१५ मध्ये त्याने शेजारच्या विंटरव्हिलमध्ये स्वतःचे दुकान काढले. तिथे बसायला जागा ऐसपैस, पदार्थांची यादी लांब. डुक्कर मात्र अख्खे, आणि मागच्या भट्टीघरात रात्री निखारे ओढायला फावडेच.