कुड्याच्या शेंगा पाहिल्या आहेत काय?

बी.ए.एम.एस.च्या वर्गात द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकासाठी आम्ही वाळलेली पाने वहीत चिकटवली, लॅटिन नावे पाठ केली आणि गुणही मिळवले. पुढे वीस वर्षे मी कुटजत्वक् चूर्ण वापरत आलो. परंतु उभा कुडा साऱ्या ऋतूंत कधी पाहिलाच नव्हता. ही उणीव एका रुग्णामुळे ध्यानात आली.

रुग्ण जीर्ण प्रवाहिकेचा. निदान पक्के, पथ्य काटेकोर, तरीही उपशय नाही. अखेर चूर्ण स्वतःच्या जिभेवर ठेवले, तर कडूपणा नाममात्र! व्यापाऱ्याकडून अखंड साल मागवून जाणकारास दाखविली. ती काळ्या कुड्याची, म्हणजे गोड्या इंद्रजवाच्या झाडाची निघाली. दोष एकट्या व्यापाऱ्याचा कसा म्हणावा? ती ओळखण्याचे ज्ञान माझ्यापाशीही नव्हते.

तेव्हापासून प्रत्येक ऋतूत एकदा पन्हाळ्याच्या उतारावरील रानात जातो. वैशाखात पालवीबरोबर कुड्याची पांढरी फुले येतात. पावसाळ्यानंतर लांब, बारीक जोडशेंगा लोंबू लागतात. शिशिरात पाने झडतात, शेंगा तडकतात आणि केसाळ बी वाऱ्यावर निघते. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या पक्व होईपर्यंत टोकाशी जुळलेल्या. पोत्यातील सालीला ना फूल, ना शेंग. म्हणून ओळख रानातच करून घ्यावी लागते.

चरकाचार्यांनी कल्पस्थानात त्वचा, कंद व क्षीर यांच्या संग्रहासाठी शरद ऋतू सांगितला आहे. आपल्या मागणीपत्रांवर मात्र द्रव्याचे नाव, वजन आणि दर एवढेच असते. ऋतूचा रकाना नसतो. औषधी निर्माते व दुकानदार बंधूंना विनंती, की माल कोणत्या महिन्यात व कोठून काढला हे लेखी घ्यावे, आणि कुटण्यापूर्वी साल अखंड पाहून चाखावी. खोडाभोवतीची संपूर्ण साल सोलल्यास झाड मरते. अशी साल स्वस्त मिळाली तरी नाकारावी.

राधानगरीसारख्या अभयारण्यात वैद्याने पाहावे, तोडू नये. पाहण्यासाठी मात्र संघटनेने ऋतूगणिक एक, अशा वर्षाकाठी सहा वनभेटी ठेवाव्यात. सोबत वाडीवरील एखादे जाणते धनगर आजोबा असावेत. वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे जाणतात, हे चरकसंहितेनेच सांगून ठेवले आहे. त्यांच्याकडून शिकण्यात कसला कमीपणा? कमीपणा आहे तो न ओळखलेले द्रव्य रुग्णाच्या हाती देण्यात.