चोच कापण्याआधी पायाखालचं बघा

मंडळी, आज जरा रागात लिहिते आहे. घरच्यांनी समजून घ्यावं, आणि ज्याच्यामुळे लिहायला बसले त्या भाच्याने तर शेवटपर्यंत वाचावं.

त्याने गेल्या वर्षी साठ टर्की आणल्या. (ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी: टर्की म्हणजे निळ्या-लाल उघड्या डोक्याचा, चोचीवर मांसाची सोंड लोंबणारा भला मोठा पक्षी. कोंबडीचा थोरला चुलता म्हणा हवं तर.) परवा त्याने फोनवर फोटो पाठवले. दोघांच्या पाठीवर, शेपटीच्या मुळाशी पिसंच नाहीत, कातडी रक्ताळलेली. तिसऱ्याचा पाय उलटा धरलेला, तळव्याच्या मधोमध काळी खपली. आपल्याला भोवरी होते ना, तशीच, पण फुटलेली. खाली ओळ: "आत्या, त्वचारोग आलाय. सगळ्यांचं डीबीकिंग करून टाकतो."

मी विचारलं, "तळव्याला जखम आणि कापायची चोच, हे कुठलं गणित?"

"मोठ्या फार्मवर सगळे तेच करतात."

हे "सगळे" कोण, ते मला माहीत आहे. लेकीकडे मिनेसोटात मी दोनदा सहा-सहा महिने राहून आले. टर्कीसाठी अमेरिकेत जी राज्यं प्रसिद्ध आहेत त्यात ते वरच्या क्रमांकाचं. शेडच्या आत परक्याला सोडत नाहीत, रोग जातो म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण पशुवैद्यांनी लिहिलेली माहितीपत्रकं कुणीही वाचू शकतं. हिवाळ्यात दुसरं काम नव्हतं, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली.

तिथला व्यापारी नर साधारण पाच महिन्यांत १८ ते २० किलोचा होतो. रानातला पूर्ण वाढलेला नर जवळपास याच्या निम्मा. छाती इतकी रुंद केली आहे की नर-मादीचं नैसर्गिक मीलन होत नाही, कृत्रिम रेतन करावं लागतं. एवढं वजन पाय पेलत नाहीत, मग पक्षी बसून राहतो. छातीच्या हाडावर भार येऊन फोड येतात. खाली तूस किंवा लाकडाचा भुसा असतो. त्यात विष्ठा, सांडलेलं पाणी, वरून कोंदट हवा. तो ओला झाला, म्हणजे त्यातला ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या वर गेला, की तळव्याची कातडी आधी मऊ पडते, मग काळी होते, मग फुटते. बायोटिन, जस्त कमी पडलं तरी तळवे बिघडतात हे खरं. पण बाकी सगळं ठीक असताना नुसत्या ओलीनेसुद्धा जखम होते, आणि ती होण्यासाठी थोडे दिवस पुरतात. मग हा पक्ष्याचा आजार कसा? शाळेचं छप्पर गळत होतं तेव्हा पोरांना खोकला झाला, तर आम्ही पोरांना नावं ठेवली नाहीत. (ठेवणारेही होते. असो.)

मला सर्वांत चीड आली ती रंगाची गोष्ट वाचून. पूर्वी तिथली पाळीव टर्की काशासारख्या झळाळीची असे. पण पिसं उपटल्यावर कोवळ्या पिसांची काळी मुळं कातडीत राहतात, गिऱ्हाइकाला ते डाग आवडत नाहीत. म्हणून पांढरी जात वाढवली. म्हणजे मेलेल्या पक्ष्याची कातडी ताटात स्वच्छ दिसावी म्हणून केवढा खटाटोप! आणि जिवंतपणी तळवा सडतो, त्याचं काय? पाय आधीच कापलेले असतात. थँक्सगिव्हिंगला टेबलावर येतो त्या पक्ष्याला ना पाय, ना पिसं. छातीवरचा फोड मात्र दिसतो, तेवढा भाग कापून टाकावा लागतो, भाव पडतो. म्हणून त्याची काळजी जास्त. १९८९ पासून राष्ट्राध्यक्ष दर वर्षी समारंभाने टर्कीला जीवदान देतात. पण कत्तलीच्या वेळी जनावराला यातना होऊ नयेत म्हणून १९५८ साली तिथे जो कायदा झाला, त्यात पक्षी धरलेलेच नाहीत.

आता पिसांकडे येते. टर्की एकमेकांची पिसं उपटतात, ही तक्रार खोटी नाही. कोवळ्या पिसाच्या देठात रक्त असतं. ते एकदा फुटलं की बाकीचे त्या लाल जागेवर तुटून पडतात, आणि पक्षी मरतोसुद्धा. भाच्याची भीती मला समजते. त्यावर उद्योगाने काढलेला उपाय असा: पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की इन्फ्रारेड किरणांनी चोचीचं टोक भाजायचं, म्हणजे काही दिवसांनी ते गळून पडतं. वर शेडमध्ये उजेड मंद ठेवायचा. चोच म्हणजे वाढलेलं नख नव्हे हो! तिच्यात नसा आहेत, त्या पक्ष्याचं बोट आहे ते. १९९९ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी टर्कीच्या पिल्लांना पेंढा दिला, टोचायला वस्तू दिल्या, आडोसे केले, अतिनील प्रकाश दिला (टर्कीला तो दिसतो, आपल्याला नाही), तर एकमेकांना जखमा करणं कमी झालं. म्हणजे रिकाम्या चोचीला काम हवं होतं. मागच्या बाकावरच्या मुलांचंही असंच असतं, हे चौतीस वर्षं शिकवलेल्या बाईला कुणी सांगायला नको.

खरे त्वचारोगही असतात, नाही असं नाही. देवी डास पसरवतात, डोक्याच्या उघड्या कातडीवर खपल्या धरतात. टर्कीला तिची लस मांडीच्या कातडीत टोचतात. मोठ्या वाढलेल्या पक्ष्यांत कातडी जांभळी होऊन एकाएकी मरण्याचा जिवाणूंचा रोगही आहे. म्हणून आधी पशुवैद्य बोलाव. "सगळे करतात" हा काही डॉक्टर नव्हे.

आणि मी मांसाहाराविरुद्ध लिहीत नाहीये. आमच्याकडे रविवारी रस्सा होतो हे सर्व नातेवाइकांना ठाऊक आहे. पण खायचं म्हणून पाळलं, तर जगतो तेवढे दिवस त्याच्या पायाखाली कोरडं असावं, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

भाच्याचं म्हणणं, तूस महाग झालंय, दर आठवड्याला बदलणं परवडत नाही. सगळं बदलायला कोण सांगतंय? पाण्याच्या भांड्याखालचं रोज काढ, बाकीचं खालीवर कर, भांडी पाठीच्या उंचीला टांग म्हणजे सांडणार नाही. जखमी तिघांना वेगळं ठेव. कोपऱ्यात कोरडी माती-राख टाक, धूळस्नान करतील, पिसं त्यांची तेच नीट ठेवतील. कोबीचे गड्डे दोरीला बांध, टोचू देत. साठच्या ऐवजी चाळीस ठेव. पैशांचं म्हणशील तर माझ्या पेन्शनमधून दोन गाड्या तूस घेऊन देते, परत करू नकोस.

शनिवारी सकाळच्या एसटीने येते आहे. ते डीबीकिंगचं मशीन ज्याचं आणलंस त्याला तोवर परत करून टाक, आणि पश्चिमेकडचा तो पत्रा गळतोय का बघून ठेव.