पट ३० सप्टेंबरला मोजतात, शाळा त्यानंतर दिसते

जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण १५ ऑगस्ट म्हणतील. शिक्षकांना विचारा, ते ३० सप्टेंबर म्हणतील. त्या तारखेला हजेरीवर जेवढी मुलं, त्यावर संचमान्यता. शाळेला किती शिक्षक मंजूर, कोण अतिरिक्त ठरणार, कुणाला दुसरीकडे जावं लागणार, हे सगळं त्या एका आकड्यावरून ठरतं. आणि गेली काही वर्षं त्याच आकड्याला आणखी एक प्रश्न टांगलेला आहे: ही शाळा राहणार की जाणार? पट विसाच्या आत गेला की शाळेवर ‘कमी पटाची’ असा शिक्का बसतो, आणि मग तिच्याबद्दल बोलताना सगळे आजारी माणसाबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलायला लागतात.

माझं म्हणणं सरळ आहे. हा आकडा मुलं मोजतो, शाळा मोजत नाही. शाळा गावासाठी नेमकी काय आहे, हे त्या तारखेनंतरच्या सहा-सात आठवड्यांत सगळ्यात स्वच्छ दिसतं. पण तोवर आकडा वर गेलेला असतो.

‘शरद ऋतू’ हा शब्द पाठ्यपुस्तकात. गावात त्याची नावं वेगळी: सोयाबीनची काढणी, कापसाची पहिली वेचणी, रब्बी ज्वारीची पेरणी, ऑक्टोबरचं ऊन. आणि शाळेत त्याचं नाव हादगा.

सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राथमिक शाळांच्या पटांगणात पाटावर हत्ती काढला जातो. कुठे त्याला भोंडला म्हणतात. विदर्भ-खानदेशात याच सुमारास भुलाबाई बसते. मुली फेर धरतात, गाणी होतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात कोणती खिरापत आहे हे ओळखायचा दंगा. तुमच्यापैकी अनेकांनी त्याचे रील पाहिले असतील, काहींनी केलेही असतील.

रीलमध्ये न दिसणारी गोष्ट अशी. घरचा हादगा आळीचा असतो. ज्या आळीत आपण राहतो तिथल्याच मुली फेरात येतात, आणि आपल्या गावांत आळी कशावरून ठरते हे नव्याने सांगायला नको. शाळेतल्या फेरात मात्र शेजारी कुणाचा हात येईल ते तुमच्या हातात नसतं. खिरापतीचे डबे सगळ्या घरांतून येतात आणि सगळ्यांच्या तोंडात जातात. ज्या घरचं पाणी आजी पीत नाही, त्या घरची वाटली डाळ नात खाऊन येते. हे क्रांती वगैरे नाही. पण गावात दुसऱ्या कुठल्या जागी हे इतक्या सहज घडतं ते मला दाखवा. देवळात? विहिरीवर? लग्नाच्या पंगतीत?

हादगा हा एका धर्माचा सण आहे, सरकारी शाळेत तो का, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. शहाणे शिक्षक त्याचा खेळ करतात, पूजा आवरती घेतात, मुलग्यांनाही फेरात ओढतात. जिथे हे होत नाही तिथे भांडायला हवं. पण हे भांडण करायलासुद्धा एक सामाईक जागा लागते.

पुढे १५ ऑक्टोबर. डॉ. अब्दुल कलामांची जयंती, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी पेटीतली पुस्तकं बाहेर येतात. मग पहिल्या सत्राची परीक्षा, कागदाचे आकाशकंदील, रंगवलेल्या पणत्या, आणि दिवाळीची सुट्टी. या सगळ्याचे फोटो काढून वर पाठवायचे असतात, आणि फोटो काढण्यात कार्यक्रम कधी संपला ते कळत नाही, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. ज्या व्यवस्थेला शाळेचे इतके फोटो लागतात, तिला शाळा दिसत मात्र नाही.

आता दिवाळीच्या पुढे या. मराठवाड्यात, विशेषतः बीड जिल्ह्यात, साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ट्रॅक्टर येतो, भांडी, पीठ, बाजरी, कोंबड्या आणि लेकरं चढतात, आणि पाच-सहा महिन्यांसाठी घराला कुलूप लागतं. ३० सप्टेंबरच्या पटावर जे नाव होतं ते नोव्हेंबरात कुठल्यातरी फडावर, कोपीत, धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेलं असतं.

यातली काही मुलं मागे राहतात. का राहतात? आजी आहे म्हणून, आणि शाळा आहे म्हणून. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना याच मुलांसाठी आहे. तिची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीकडे असते, आणि मुलांच्या जेवणाची सोय गावातच होते. योजनेत गळती आहे, पैसे उशिरा येतात, सगळं मान्य. पण तिचा पायाच असा की शाळा आजीच्या हाकेच्या अंतरावर आहे. ती शाळा पाच-सात किलोमीटरवर नेली, तर कोणती आई नऊ वर्षांच्या मुलीला म्हाताऱ्या सासूच्या भरवशावर ठेवून जाईल? ती मुलीला ट्रॅक्टरवर चढवेल. बरोबरच करेल.

म्हणून ‘समूह शाळा’ हा शब्द ऐकला की मला आधी ट्रॅक्टर दिसतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. तेव्हाचे आकडे असे: राज्यात अशा १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं. भागाकार करा, शाळेमागे साडेबारा मुलं येतात. आदर्श म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत पुढे केलं गेलं: मोठी इमारत, प्रयोगशाळा, मैदान, पुरेसे शिक्षक, मुलांना आणायला गाडी. विरोध झाला, तेव्हा शाळा बंद करण्याचा हेतू नाही असा खुलासा आला. कागद मागे गेला असेल, पण त्यामागचा विचार गेलेला नाही. दर ३० सप्टेंबरला तो पुन्हा वर येतो.

या विचाराची बाजू दुबळी नाही, म्हणून ती नीट मांडतो. साडेबारा मुलांच्या शाळेत चौथीत एकच मुलगी असते. तिला वर्गात मैत्रीण नाही, स्पर्धा नाही, कबड्डीचा संघ नाही. एकच शिक्षक चार इयत्ता शिकवतो, आणि तोही मीटिंगला किंवा माहिती भरायला गेला की शाळा मदतनीस ताईंच्या जिवावर. अशा शाळेत मुलं ठेवणं म्हणजे गावाच्या अभिमानासाठी त्यांचं नुकसान करणं नाही का?

नुकसान होतं, हे खरं. पण ते कशाने होतं ते पाहा. शिक्षणहक्क कायदा साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक सांगतो. प्रत्यक्षात दुसरी जागा रिकामी राहते, किंवा दुसरे गुरुजी कुठेतरी कामगिरीवर असतात. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने तर वीसपर्यंतच्या पटाला दुसऱ्या जागेवर निवृत्त शिक्षकाचा पर्याय पुढे केला. आधी शाळेचा एक पाय काढून घ्यायचा आणि मग ती लंगडते म्हणून तिला घरी बसवायचं, असा हा न्याय आहे.

आणि वीस हा आकडा आला कुठून? राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, आणि ती काढायला सहा ते अकरा वयाची किमान वीस मुलं हवीत, असं आहे. ही अट नवी शाळा उघडण्याची आहे. चालू शाळेचा गळा आवळायला ती कुणी वापरावी, असं त्यात लिहिलेलं नाही.

चौथीतल्या एकट्या मुलीचं काय, या प्रश्नाला उत्तर आहे आणि त्यासाठी तिला गावाबाहेर न्यावं लागत नाही. मुलं हलवण्याऐवजी मोठी माणसं हलवा. आपल्याकडे केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना कधीची तयार आहे. एका केंद्रातल्या शाळांसाठी चित्रकलेचा, खेळाचा, इंग्रजीचा शिक्षक नेमा. तो आठवड्यातून एक दिवस प्रत्येक शाळेत जाईल. पंधरा दिवसांतून एकदा शेजारच्या चार शाळा एका पटांगणात आणा. क्रीडा स्पर्धांना आणताच की! हादगासुद्धा चार शाळांचा एकत्र होऊ शकतो. गाडीवर खर्च करायचाच असेल तर शिक्षक आणि पुस्तकांच्या पेट्या फिरवणाऱ्या गाडीवर करा. सहा वर्षांच्या पोराला पावसात ओढ्यापलीकडे नेण्यापेक्षा तिशीतल्या गुरुजींना मोटारसायकलने पाठवणं स्वस्त पडेल आणि माणुसकीचंही होईल.

‘इतक्या थोड्या मुलांवर इतका खर्च?’ हा युक्तिवाद जुना आहे आणि त्याचं उत्तरही. १९ ऑक्टोबर १८८२ ची तारीख घालून महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर जातो, हे त्यात त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं. त्या काळी संस्थानाच्या तिजोरीला जे परवडलं, ते आज देशातल्या सगळ्यात श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्याला परवडत नाही?

दोष फक्त सरकारचा आहे असं म्हणून मी तुम्हाला आणि मला सोडणार नाही. पट गळतो तो आपल्याच दारातून. सकाळी पिवळी व्हॅन येते, टाय लावलेलं पोर त्यात बसतं, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती व्हॅनचे पैसे नसलेल्या घरची. मग गावात दोन हादगे होतात, दोन दिवाळ्या होतात. पोराला कुठे घालायचं हा आईबापांचा हक्क आहे. पण आपलं पोर तिथे नाही म्हणून ती शाळा आपली नाही, हा हक्क कुणाला दिलेला नाही. तिची इमारत, पटांगण, मतदानाची खोली, लसीकरणाची ओसरी, सगळी आपली आहे. आणि जे शहरात गेले त्यांच्याबद्दल काय बोलावं? शाळेच्या घंटेचा आवाज टाकून ‘ते दिवस’ अशी पोस्ट लिहितात, हजार बदाम मिळवतात, आणि त्याच घंटेखाली आज किती शिक्षक आहेत हे त्यांना माहीत नसतं.

कायद्यानेच एक हत्यार दिलेलं आहे, ते गंजलंय. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि निम्म्या सदस्य महिला. बऱ्याच ठिकाणी ही समिती म्हणजे एक वही असते. ती घरोघर फिरते आणि सह्या घेऊन परत येते. ज्या बाया खिरापत करून पाठवतात त्याच या समितीत आहेत. त्यांना इतिवृत्त वाचून दाखवा. दुसरी जागा किती महिन्यांपासून रिकामी आहे, हे त्यांनी ग्रामसभेत विचारलं तर सरपंचाला उत्तर द्यावं लागेल.

तुम्ही दिवाळीला गावी जाल तेव्हा शाळेला कुलूप असेल. म्हणून जमलं तर आठवडाभर आधी जा. फोटो नका काढू, तिथे पुरेसे फोटो निघतात. हंगामी वसतिगृहाचे पैसे आले का, ते विचारा. फडावर कोण कोण जाणार आहे आणि त्यांतली कोण मागे राहू शकतात, ते विचारा. एखाद्या दुपारी पुस्तक वाचून दाखवा. ३० सप्टेंबरचा आकडा बदलायला तुम्ही उशीर केलेला असेल, पण नोव्हेंबरात त्या आकड्यातलं कोण गळतं हे अजून ठरलेलं नसेल.

सुट्टी संपत आली की ७ नोव्हेंबर येतो. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाचं नाव दाखल झालं. राज्य शासनाच्या आदेशाने तो दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. भाषणं होतात, निबंध लिहून घेतात. एका मुलाचं नाव एका हजेरीवर चढलं, म्हणून सगळं राज्य दिवस पाळतं. तिथे कुणी विचारत नाही की बाकीचे एकोणीस कुठे आहेत.