छऱ्याची बंदूक : जोर नको, नेम हवा

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई व आसपासच्या गावांतील सभासद बंधूंकडून अलीकडे आम्हांस एकच विचारणा वारंवार होत आहे. उंदीर व घुशी यांच्याकरिता छऱ्याची बंदूक घ्यावी काय, आणि घ्यावयाची झाल्यास कोणती? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या पोटात कायदा, पैसा आणि जीविताची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी असल्यामुळे त्याचे उत्तर दोन ओळींच्या पत्रात देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. सबब येथे आमचे मत सविस्तर मांडीत आहोत.

उंदरांचा उपद्रव नवा नाही; त्याचे स्वरूप मात्र बदलले आहे. बाजरीची कणगी आणि कडब्याची गंज एवढेच पूर्वी त्याचे आश्रयस्थान होते. आता ऊस वाढला, कांद्याच्या चाळी उभ्या राहिल्या, कोंबड्यांच्या शेडी झाल्या, शेतोशेती ठिबकच्या नळ्या पसरल्या. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यास काही ना काही कुरतडीत राहणे भागच असते. कांदा खाऊन संपतो, पण नळी, वायर व पोते ही कुरतडून वाया जातात. घूस तर बांध पोखरून पाटाचे पाणी भलतीकडे काढून देते. तेव्हा कोणी चिडून बंदुकीचा विचार केला, तर त्यास हसण्याचे कारण नाही.

तथापि प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बंदुकीने उंदरांची संख्या आटोक्यात येत नाही. ते काम भोके बुजविण्याचे, चाळीच्या खांबांना पत्र्याची टोपी बसविण्याचे, सांडलेले खाद्य झाडून काढण्याचे, सापळ्याचे आणि कृषी खात्याच्या सल्ल्याने घातलेल्या आमिषाचे आहे. बंदुकीची उपयुक्तता या सर्वांनंतर सुरू होते. उंदीर हा नव्या वस्तूला बिचकणारा प्राणी आहे. सापळा ठेवला की काही धूर्त उंदीर आठवडाच्या आठवडा त्याच्या वाऱ्यासही उभे राहत नाहीत. शिवाय कोंबड्यांच्या शेडीत विषारी आमिष घालणे धोक्याचे असते. असे उरलेसुरले उंदीर चाळीच्या तुळईवर किंवा खाद्याच्या गोणीपाशी दिसले, तर तेथे छऱ्याची बंदूक खरोखर कामास येते. उसाच्या फडात किंवा बिळाच्या तोंडाशी तिचा काहीएक उपयोग नाही.

आता निवडीचा विचार. बाजारातील बहुतेक बंदुका स्प्रिंगच्या असतात. नळी मोडून खाली ओढली की आतील दट्ट्या मागे जातो व स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो आणि दाबलेली हवा छऱ्यास बाहेर ढकलते. सायकलच्या पंपाचेच हे तत्त्व आहे. दुसरा प्रकार टाकीत हवा भरून ठेवण्याचा. त्यात हिसका बसत नाही व नेम उत्तम राहतो, परंतु सुमारे 200 बार दाबाची हवा भरावयास खास पंप लागतो आणि सारे प्रकरण महाग पडते. चाळीतील उंदरांकरिता हा खर्च आम्हांस परवडण्यासारखा वाटत नाही. साधी, मजबूत, नळी मोडण्याची स्प्रिंगची बंदूक पुरे आहे.

यानंतर कायदा. शस्त्र कायदा 1959 चा असून हल्लीचे नियम 2016 चे आहेत. त्यांप्रमाणे नळीचे भोक 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठे असेल, अथवा छऱ्याची ऊर्जा 20 जूलपेक्षा अधिक असेल, तर परवाना लागतो. ही मर्यादा लक्षात घेऊन जाहिराती वाचाव्यात. “सेकंदास हजार फूट वेग” अशी बढाई कित्येक ठिकाणी मारलेली असते. अर्धा ग्रॅम वजनाचा नेहमीचा छर्रा खरोखर त्या वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा सुमारे 23 जूल होते, म्हणजे बंदूक परवान्याच्या कक्षेत जाते. अतिशय हलका छर्रा घालून तो आकडा काढला असेल, तर तसला छर्रा उंदरावर उपयोगाचा नाही. दोहोंपैकी काहीही खरे असले तरी गिऱ्हाइकाचा फायदा कोठे आहे? विक्रेत्याकडून भोकाचे माप व जूलचा आकडा लिहून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी, हेच शहाणपणाचे.

जोर जितका अधिक तितकी बंदूक चांगली, ही समजूत आमच्या मते सर्व नुकसानीचे मूळ आहे. अभिनव बिंद्रा यांनी 2008 साली बीजिंग येथे ज्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, त्या 10 मीटर एअर रायफलचा विचार करा. तेथे लक्ष्याचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. अशा स्पर्धेच्या बंदुकीचा छर्रा साधारणतः 7 ते 8 जूल ऊर्जेचा असतो, म्हणजे आपल्या कायद्याने विनापरवाना दिलेल्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. जर्मनीत विनापरवाना बंदुकीची मर्यादाच साडेसात जूल आहे. चाळीतील उंदीर दहा-पंधरा पावलांवर असतो. त्याच्या डोक्यात नीट बसलेला 10 ते 12 जूलचा छर्रा त्यास जागीच संपवितो. पोटात लागलेला 20 जूलचा छर्रा मात्र त्यास पळू देतो. मग तो कणगीमागे जाऊन मरतो व आठवडाभर दुर्गंधी देतो. मुक्या जिवास तडफडत ठेवणे हे शेतकऱ्यास शोभत नाही, हे तर निराळेच.

अधिक जोराच्या स्प्रिंगचा दुसरा तोटा असा की, दट्ट्या पुढे धावताना बंदूक मागे रेटली जाते व दट्ट्या थडकताच पुढे उसळते. हे दोन्ही हिसके छर्रा नळीत असतानाच बसू शकतात. आमच्या परिचयातील एका बागाईतदाराने जबर जोराची बंदूक आणून तिच्यावर स्वस्त दुर्बीण बसविली. थोड्याच दिवसांत दुर्बिणीतील तारा निखळल्या. पुढे तर एक चुकलेला छर्रा चाळीच्या पत्र्यावरून उसळून त्यांच्या मुलाच्या कानाजवळून गेला. त्या दिवसापासून ती बंदूक खुंटीवर आहे. दुर्बीण घ्यावयाचीच तर स्प्रिंगच्या बंदुकीसाठी बनविलेलीच घ्यावी. नाहीतर साधी माशी व खाच यांवर नेम धरण्याचा सराव करावा, तो या कामास पुरेसा आहे.

बंदूक घरी आल्यावर ती जुळवून घेणे हे खरे काम. नव्या नळीत कारखान्याचे तेल असते. ते कापडाच्या बोळ्याने पुसून काढावे. हवेच्या कोठीत कधीही तेल घालू नये. ज्यांनी डिझेल इंजिनावर पाणी उपसले आहे, त्यांस याचे कारण सांगावयास नको. दाबाने हवा तापते आणि तेल पेट घेते. धडाका होतो, छरे कमीजास्त वेगाने सुटतात, आणि दट्ट्याचे वॉशर जळते. जुन्या बंदुकीत चामड्याचे वॉशर असल्यास ते मऊ ठेवावे लागते, पण ते काम जाणत्या मिस्त्रीकडून करवावे. स्प्रिंग बदलून जोर वाढविण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. त्यायोगे बंदूक बिघडते आणि नकळत कायद्याची मर्यादाही ओलांडली जाते.

दस्त्याचे स्क्रू हिसक्यांनी सैल होतात. ते दर वेळी तपासावेत. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात. नळी जेथे मिटते तेथील रबराची चकती झिजली म्हणजे हवा निसटते. पातळ कागदाची पट्टी त्या सांध्याजवळ धरून बार काढावा. पट्टी फडफडली तर चकती बदलावी. हा बार छर्रा घालूनच काढावा. रिकामा बार कधीच काढू नये, कारण पुढे हवेचा गादीसारखा आधार न राहिल्याने दट्ट्या थेट भिंतीवर आपटतो. त्याचप्रमाणे बंदूक ताणून तासन्‌तास ठेवू नये. स्प्रिंग मरते, आणि घरातील पोराने चाप ओढला तर अनर्थ होतो. नळी मोडलेली असताना ती हाताने घट्ट धरून मगच छर्रा घालावा, अन्यथा नळी उसळून बोटे सापडतात.

छरे दोन-तीन जातींचे थोडेथोडे आणावेत. प्रत्येक नळीची आवड निराळी असते. मागे मातीने भरलेले पोते ठेवून, पंधरा पावलांवर कागद लावून, प्रत्येक जातीचे पाच-पाच बार काढावेत आणि ज्या जातीचे पाचही छरे जवळजवळ पडतील तीच पुढे कायम ठेवावी. बंदूक विटेवर किंवा खांबावर टेकवू नये. डाव्या तळव्यावर हलकेच राहू द्यावी, म्हणजे तिचा हिसका दर वेळी सारखाच होतो. पाचही छरे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडू लागेपर्यंत कोणत्याही जिवावर ती रोखू नये, असा दंडक आम्ही सुचवितो. पत्रा, दगड व फरशी यांच्या रोखाने तर कधीच बार काढू नये.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. 1994 साली बीड जिल्ह्यात प्लेग पुन्हा दिसला होता, आणि लेप्टोचा ताप तर उंदराच्या मुतातूनच पसरतो. हातमोजे घालून तो खोल पुरावा. उकिरड्यावर टाकला तर आतील शिशासह तो घुबडाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात जातो. गव्हाणी घुबड, धामण व मुंगूस हे आपले बिनपगारी राखणदार आहेत. त्यांस आपणच विष चारणे हा करंटेपणा होय.

आता ज्या दोन गोष्टींकरिता ही बंदूक नाही, त्या सांगणे आवश्यक आहे. पहिली पाखरे. बाजरीवर पोपट पडले, ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरले, की हात शिवशिवतो हे आम्ही जाणतो. परंतु पोपट, मोर इत्यादी पक्ष्यांस वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 याचे संरक्षण आहे. शिवाय कावळा, उंदीर वगैरे उपद्रवी प्राण्यांची जी पाचवी अनुसूची त्या कायद्यात होती, ती 2022 च्या दुरुस्तीने 1 एप्रिल 2023 पासून काढून टाकली गेली. त्यामुळे जुन्या ऐकीव माहितीवर विसंबून पाखरांवर छरे झाडणे म्हणजे आपण होऊन खटला ओढवून घेणे आहे. आणि थव्यातील एक पाखरू मारून काय साधते? उरलेले शेजारच्या वावरात बसतात व घटकेने परततात. माळ्यावरची गोफण, जाळी आणि चमकत्या फिती यांनी सबंध थवा उठतो. तीच भोरडी टोळ खाते, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट बिबट्याची. 2025 च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत शेजारच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत मुले बळी गेली. त्या दुःखाची आठवण या पट्ट्यातील प्रत्येक घरात आहे. “निदान हाताशी बंदूक तरी असावी” असे ज्या बापास वाटते, त्याच्या भावनेचा आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु त्यास आम्ही हात जोडून सांगतो की, छऱ्याच्या बंदुकीने बिबट्या मरत नाही व भीतही नाही. तो चिडतो मात्र. जखमी बिबट्या सबंध शिवारास अधिक घातक ठरतो. हातात बंदूक आहे या भरवशावर रात्री उसाच्या कडेने एकट्याने जाणे, किंवा घुशीकरिता वाकून दबा धरणे, हे तर संकटास निमंत्रण होय; वाकलेला मनुष्य बिबट्यास सावजासारखा दिसतो. तेथे सोबत, उजेड, बंदिस्त गोठा आणि वनखात्यास त्वरित खबर हेच उपाय. उंदराचे काम रात्री करावयाचे तर ते चाळीच्या किंवा शेडीच्या आत, भरपूर उजेडात आणि दार लावून करावे.

एकूण आमचे मत असे. चाळ किंवा कोंबड्यांची शेड असलेल्या शेतकऱ्याने प्रथम पत्रा, जाळी व सापळे यांवर पैसा खर्चावा. त्यातून उरलेल्या उंदरांसाठी बंदूक घ्यावीशी वाटल्यास 4.5 मिलिमीटरची, मध्यम जोराची, साधी बंदूक घ्यावी; ती कुलपात ठेवावी, आणि घरातील एकाच जबाबदार माणसाने सराव करून ती वापरावी. परंतु एका चाळीतील उंदीर मारले तरी शेजारच्या बांधावरचे महिनाभरात तेथे येतात. म्हणून वस्तीतील सर्वांनी एकाच आठवड्यात भोके बुजविणे, आमिष घालणे व बांध साफ करणे ही कामे मिळून केली, तर बंदुकीची गरजच पुष्कळ कमी होईल. येत्या हंगामात कांदा चाळीत पडण्यापूर्वी कवठे येमाईच्या सभासदांनी असा एक आठवडा ठरवावा व त्याचा अनुभव आम्हांस कळवावा. तो आम्ही आनंदाने प्रसिद्ध करू.